बाटली औषधाची, रंग सैनिकाचा

"रंग सगळ्यात जास्त कुठे वाया जातो, सांगू? डबीच्या कडेवर." बाटल्या जपणारा थेट मुद्द्यालाच हात घालतो. "मिनिएचरचे बरेचसे रंग उघडझाक झाकणाच्या छोट्या डबीत येतात. ब्रश बुडवायचा, कडेला निथळायचा, सैनिकाच्या कोटावर फिरवायचा. कडेवरचा रंग वाळतो, त्यावर दुसरा थर बसतो, आणि एक दिवस झाकण लागतं पण घट्ट बसत नाही. आपल्याला ते कळतही नाही. पुढच्या खेपेला डबी उघडावी, तर आत रबराची चकती. अ‍ॅक्रिलिकचं हे असंच आहे. पाण्यात तरंगणारे राळेचे सूक्ष्म कण पाणी उडालं की एकमेकांना चिकटतात, आणि एकदा चिकटले की वरून कितीही पाणी घाला, सुटत नाहीत. शाळेतल्या वॉटरकलरची वडी ओली केली की पुन्हा रंग देते. हा रंग एकदा गेला की गेला. ड्रॉपरच्या बाटलीत ही भानगडच नाही. तोंड जेमतेम मिलिमीटरभर. ब्रश आत जात नाही, ब्रशबरोबरचं गढूळ पाणी आत जात नाही. हवा तेवढा थेंब पॅलेटवर पाडा, टोपण लावा, झालं. म्हणून मी डबीतला रंग बाटलीत ओततो. आणि बाटल्या विकत कशाला घ्यायच्या? घरात त्या रिकाम्या होतच असतात."

ही गोष्ट दोन हौशी माणसांमधली आहे. दोघेही २८ मिलिमीटर मापाचे सैनिक रंगवतात, अधूनमधून १:७२ प्रमाणातली विमाने जोडतात. तो साठी ओलांडलेला, रिकामी बाटली टाकताना हात अडखळणारा. ती फार्मसी शिकलेली, औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहणारी.

"काका, डबीबद्दल म्हणालात ते शंभर टक्के पटलं," ती म्हणते. "व्हायेहो, रीपर, आर्मी पेंटर हे सगळे ड्रॉपरच्या बाटलीत रंग देतात ते काही उगाच नाही. सिटाडेलच्या १२ मिलीच्या डबीतला रंग बाटलीत काढून ठेवणारे जगभर आहेत. माझी शंका आहे ती बाटलीत आधी काय होतं याबद्दल. तुमच्या खणात तीन जातींच्या बाटल्या आहेत. एक रंगाचीच, रिकामी झालेली. दुसरी होमिओपॅथीच्या टिंक्चरची, काचेची, वर रबरी फुगा. तिसरी डोळ्यांच्या औषधाची. ही तिसरी मला मुळीच चालत नाही. डोळ्यांत थेंब घालणारा माणूस आठवून बघा. चष्मा काढलेला, मान वर केलेली, बाटली नेहमीच्या जागेवरून चाचपून उचललेली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कित्येक आठवडे दोन-तीन प्रकारचे थेंब दिवसातून अनेकदा घालायचे असतात, आणि ज्याला घालायचे त्यालाच नीट दिसत नसतं. तो लेबल वाचत नाही, बोटांनी बाटली ओळखतो. सुपरग्लूची बारीक बाटली डोळ्यांचं औषध समजून पिळल्याच्या घटना नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकांत १९८० च्या दशकापासून नोंदल्या जाताहेत. पापण्या चिकटलेल्या, बुबुळावर ओरखडे. यात शिक्षणाचा किंवा हुशारीचा प्रश्न येत नाही. दोन सारख्या बाटल्या एका घरात असल्या, की पुरे."

तो इतक्यात हार मानणारा नव्हे. "माझ्या रंगांचा खण वेगळा, खोली वेगळी. मूळ लेबल खरवडून काढलेलं, वर माझ्या अक्षरात रंगाचं नाव, टोपणावर त्याच रंगाचा ठिपका. शिवाय हा पाण्याचा रंग आहे, विषारी नसल्याचं त्याच्यावर छापलेलं असतं. सुपरग्लूशी त्याची बरोबरी कशी होईल?"

"विषारी नाही, ते ब्रशने रंगवणाऱ्यासाठी. डोळ्याला थेंब निर्जंतुक लागतो. रंग सडू नये म्हणून त्यात आयसोथायझोलिनोन जातीची परिरक्षकं घातलेली असतात, आणि त्यांनी कित्येकांच्या कातडीलाही अ‍ॅलर्जी येते. वर रंगद्रव्याची पूड आणि वाळली की साल धरणारी राळ. हे डोळ्यात जायला नको, यावर आपण वाद घालायला नको. आणि टोपणाचं म्हणाल तर तो मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीने थेंबांच्या टोपणांना रंग ठरवून दिलेत. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांना लाल, स्टेरॉइडला गुलाबी, बीटा ब्लॉकरला पिवळं. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांनी निदान टोपणावरून औषध ओळखावं म्हणून. आणि तुम्ही तशाच बाटलीच्या टोपणावर लाल ठिपका देऊन आत लाल रंग भरता. खोली वेगळी असेल आज. घरात रंगकाम निघालं, पाहुणे आले, खण रिकामा करायची वेळ आली, की बाटल्या आपोआप एका पेटीत जातात."

इथे तिचे पारडे जड आहे, आणि ते केवळ ती औषधे विकते म्हणून नव्हे. लेबल वाचावे लागते, वाचायला डोळे लागतात. बाटलीचा आकार मात्र अंधारातही हाताला कळतो. वर्षानुवर्षे 'ही डोळ्यात पिळायची' असे शिकलेल्या हाताला एका चिकटपट्टीने वेगळे काही शिकवता येत नाही. जपणाराही हे ओळखतो.

"ठीक आहे. डोळ्यांची बाटली बाद," तो म्हणतो. "पण सुक्याबरोबर ओलं जाळू नकोस. माझा पुतण्या ब्रिटनमध्ये असतो. तिथले मॉडेलवाले ई-सिगारेटच्या द्रवाच्या बाटल्या धुऊन रंगाला वापरतात. निकोटिनचा द्रव १० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत विकायचा नाही असा युरोपीय नियम आहे, ब्रिटनमध्येही तो चालू राहिला, त्यामुळे या लहान मऊ बाटल्यांचा तिथे सुकाळ. टोक लांब आणि बारीक, आणि टोपण असं की दाबून फिरवल्याशिवाय पोराला उघडता येत नाही. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच बंद आहे, म्हणून त्या बाटल्या इथे नाहीत. पण मुद्दा लक्षात घे. घरोघरच्या कचऱ्यात जाणारी बाटली रंगाच्या बाटलीपेक्षा सुरक्षित असू शकते."

"असू शकते, नीट धुतली तर. निकोटिन कातडीतून अंगात जातं, म्हणून हातमोजे घालून धुवायची. पण तुमच्याजवळ आहे ती टिंक्चरची बाटली. तिचं काय करता?"

"गरम पाण्याने विसळतो, उन्हात ठेवतो."

"आणि फुग्याच्या आत जे राहतं ते? टिंक्चर म्हणजे मुख्यतः अल्कोहोल. व्हायेहोच्या मॉडेल कलरमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून ढवळून बघा, नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. त्या परत मोडत नाहीत. तामियाचं अ‍ॅक्रिलिक मात्र अल्कोहोलमध्येच पातळ करतात, त्याला ते मानवतं. दोन्हींना आपण अ‍ॅक्रिलिकच म्हणतो, पण एकाच बाटलीचा उरलेला ओलावा एकाला बिघडवतो आणि दुसऱ्याला पोसतो. म्हणजे बाटली धुतली की नाही एवढं विचारून भागत नाही. आधी आत काय होतं आणि पुढे काय येणार, दोन्ही विचारावं लागतं."

जपणाऱ्याचा अनुभव तिला दुजोरा देतो, निराळ्या बाजूने. काचेच्या ड्रॉपरचा त्याला स्वतःलाच कंटाळा आलेला आहे. "ती बाटली दिसायला देखणी, पण रंगाला निरुपयोगी. शाई किंवा औषध पातळ असतं, काचेच्या नळीतून परत घरंगळतं. रंग नळीच्या आतून चिकटून राहतो. फुगा सोडला की मागोमाग हवा, आणि दोन-चार वेळात नळीच्या आत गोल कातडं तयार होतं. मग तार घालून खरवडत बसा. तेलाच्या किंवा लॅकरच्या रंगांना तर रबर अजिबात नको, फुगतं आणि चिकट होतं. हंब्रोलचं इनॅमल १४ मिलीच्या पत्र्याच्या डबीत येतं, जपानी लॅकर काचेच्या बाटलीत येतं. त्यांना तिथेच राहू द्यावं."

"मऊ प्लास्टिकमध्येसुद्धा भरू नये," ती पुस्ती जोडते. "पिळता येणारी बाटली म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिन, तळाच्या त्रिकोणात चार आकडा असलेलं. पाण्याला ते चांगलं. व्हाइट स्पिरिट किंवा लॅकर थिनर मात्र त्या भिंतीत शिरतो, भिंत फुगते, वास बाहेर येतो, आतला रंग घट्ट होत जातो. पाण्याचा रंगही त्यातून अगदी हळूहळू उडतो. बाटली लहान, आतला रंग थोडा आणि भिंत मोठी, म्हणून वर्षानुवर्षे ठेवायच्या रंगाला काचच बरी."

एवढ्यावर दोघांचे एकमत झाले आणि खण निम्मा रिकामा झाला. उरली ती रंगाचीच बाटली, रंगासाठी पुन्हा वापरलेली. वादाचे खरे मूळ तिथेच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, यात आता भांडण्यासारखे काय उरले?

"काहीच उरलं नाही," जपणारा म्हणतो. "व्हायेहोची बाटली संपली. बाटली तिची, टोक तिचं, पाण्याचाच रंग आत होता, पाण्याचाच जाणार. टोपण काढायचं आणि बाटली उलटी करून टोकाची बाजू कढत पाण्यात धरायची. पॉलिथिन मऊ पडतं. मग अंगठ्याच्या नखाने टोकाची बुडखी एका बाजूने वर ढकलायची, टक् करून सुटते. टोकाच्या आत बघितलं तर भोकाच्या वर रंगाची गाठ बसलेली असते, वाटाण्याच्या डाळीएवढीसुद्धा नाही. टाचणीने ती बाहेर ओढली की तिच्यामागे रबरासारखी लवचीक शेपटी येते. दाबल्यावर रंग अडतो आणि मग एकदम पिचकारी उडते, ती या गाठीमुळे. टोक साबणाच्या पाण्यात रात्रभर. बाटलीत जुना दातांचा ब्रश फिरवायचा. दुसऱ्या दिवशी कोरडी, स्वच्छ. नवी बाटली काही रुपयांना मिळते हे मला ठाऊक आहे. पण ही चांगली असताना ती का टाकू? एवढी लहान, रंगाने माखलेली बाटली भंगारवाला घेत नाही. चार आकड्याचं प्लास्टिक पुन्हा वितळवता येतं हे खरं, पण तिथवर ती पोचायला तर हवी."

यावर तिची जी हरकत येते, ती या सगळ्या चर्चेतली सर्वांत अवघड आहे.

"काका, तुम्ही काही ग्रॅम प्लास्टिक वाचवता. पण ते वाचवताना सिंकमध्ये काय सोडता? मघाशी तुम्हीच म्हणालात, अ‍ॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे राळेचे कण. ती राळ म्हणजे प्लास्टिकच. बाटलीच्या भिंतीला चिकटलेला रंग तुम्ही साबणाने, ब्रशने सुटा करून गटारात सोडलात. बाटली तशीच कचऱ्यात गेली असती तर ते प्लास्टिक निदान घट्ट, एका जागी राहिलं असतं. धुऊन तुम्ही ते बारीक करून पाण्यात मिसळलंत. पर्यावरणाचं नाव घेऊन बाटल्या धुवायच्या असतील तर हा हिशेबही मांडायला हवा. बाटली वाचली, नाला गढूळ झाला, हा सौदा फायद्याचा आहे का?"

जपणारा थोडा वेळ घेऊन उत्तर देतो, आणि उत्तर प्रामाणिक आहे. "हा विचार मी केला नव्हता असं नाही, पण असा थेट केला नव्हता. यावर मला एक मार्ग दिसतो. ओला रंग धुवायचाच नाही. रिकामी बाटली, टोक काढून, उघडी ठेवायची, आतला रंग पुरता वाळू द्यायचा. अ‍ॅक्रिलिकचं कातडं पॉलिथिनला घट्ट धरत नाही. बाटली चेपली, पिळली की ते भिंतीपासून सुटतं, आणि चिमट्याने एका तुकड्यात बाहेर ओढता येतं. ते कोरडं कातडं कचऱ्यात. मग उरलं ते पाण्याने विसळायचं, तेही भांड्यात, आणि ते पाणी जुन्या कागदात टिपून कागद वाळवून टाकायचा. सिंकमध्ये काही नाही. वेळ लागतो. पण ज्याला एका सैनिकाच्या बटणांवर संध्याकाळ घालवता येते, त्याला बाटली वाळायची वाट पाहणं जड जाऊ नये."

"आणि जे इतकं करणार नाहीत?"

"त्यांनी बाटली धुऊ नये. टाकावी."

हे वाक्य त्याच्या तोंडून येणे सोपे नाही. बाटली टाकू नये इथून त्याने सुरुवात केली होती. मात्र याचा अर्थ तो तिच्या बाजूला गेला असा नाही, कारण लगेच तो आपला खरा युक्तिवाद पुढे करतो, आणि आतापर्यंतचे सगळे त्यापुढे किरकोळ ठरावे इतका तो वजनदार आहे.

"बाटली मला विकतच्या रंगासाठी नकोच आहे," तो म्हणतो. "विकतचा रंग त्याच्या बाटलीत असतोच. मला ती हवी आहे न मिळणाऱ्या रंगासाठी. भारतीय हवाई दलाचं विमान करायला घे. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचं मारुत, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं. किंवा १९६५ च्या युद्धातलं नॅट. विमानावरच्या गोल खुणेतला केशरी रंग परदेशी कंपनीच्या तक्त्यातल्या नारिंगीसारखा दिसत नाही. तो पिवळ्यात लाल, त्यात किंचित पांढरा घालून जुळवावा लागतो. छायाचित्रं बघून, चार वेळा चुकून, एकदाचा तो जमतो. तो मी पॅलेटवरच वाया घालवू? पुढच्या वर्षी दुसरं विमान करताना शेजारी ठेवल्यावर दोघांचा केशरी एक दिसायला हवा. माझ्या रिकाम्या बाटल्यांमध्ये असे रंग आहेत, जे कुठल्याच दुकानात नाहीत. हवाई दलाच्या राखाडीच्या छटा, लष्करी गाड्यांचा हिरवा. बाटली नसती तर हे रंग एका संध्याकाळीच संपले असते. आणि कृती लिहून ठेवली की दुसऱ्यालाही देता येते. तीन थेंब पिवळा, एक थेंब लाल, अर्धा थेंब पांढरा."

"कुठल्या बाटलीतले थेंब?" ती लगेच विचारते. "थेंब काही माप नाही, काका. औषधाच्या ड्रॉपरचं टोक अमेरिकन फार्माकोपियाप्रमाणे सुमारे तीन मिलिमीटर रुंद असतं, म्हणून त्यातून पडणारा पाण्याचा थेंब ४५ ते ५५ मिलिग्रॅमचा, म्हणजे साधारण वीस थेंबांना एक मिली. थॉमस टेट यांनी १८६४ मध्ये दाखवलं की लोंबणाऱ्या थेंबाचं वजन टोकाच्या रुंदीच्या आणि द्रवाच्या पृष्ठताणाच्या प्रमाणात असतं. टोक एक मिलिमीटरचं केलं तर एका मिलीला साठच्या आसपास थेंब लागतील. रंगात साबणासारखी द्रव्यं असतात, त्यांनी पृष्ठताण कमी होतो, थेंब आणखी लहान. दाट रंग तर लोंबतही नाही, गोळा होऊन पडतो. एकाच कंपनीच्या बाटल्या, एकाच टोकाच्या, तोवर तुमची कृती चालते. रीपरची एक, व्हायेहोची दुसरी, ई-सिगारेटची तिसरी, अशा मिसळलेल्या खणात तीनास एक हे प्रमाण दर खेपेला वेगळं निघतं. पुन्हा वापरलेल्या बाटल्यांनी तुमचा रंग जपला, पण कृती बिघडवली."

जपणाऱ्याकडे याला तोड आहे, पण ती अर्धीच. खिशात मावणारा छोटा वजनकाटा घ्यावा, थेंबांऐवजी वजनाने कृती लिहावी, हे त्याला मान्य आहे. काहीजण तसे करतात. पण संध्याकाळी दिवा लावून चार सैनिक रंगवायला बसलेला माणूस वजनकाटा काढत नाही, हेही त्याला माहीत आहे.

मग तो जरा मोकळा होतो आणि रंग ढवळण्यासाठी बाटलीत घालायच्या छर्ऱ्यांवर येतो. हा त्याचा आवडता विषय. टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा पाण्याच्या चौपट जड, तळाशी बसतो आणि नुसते हलवून सुटत नाही. रीपर एके काळी आपल्या बाटल्यांत जस्तासारख्या दिसणाऱ्या प्यूटर धातूची इवलीशी कवटी टाकत असे; आर्मी पेंटर नव्या मालिकेत गोळ्या घालूनच देते. घरी बाटली भरणारा सायकलच्या बेअरिंगचे छर्रे टाकतो, आणि तिथेच फसतो. ते पोलाद पाण्यात गंजते, आणि काही महिन्यांनी पांढऱ्यात तांबूस झाक उतरते. स्टेनलेसची गोळी किंवा काचेचा मणी टाकावा, असे तो ठामपणे सांगतो. रिकाम्या बाटलीतली जुनी गोळी मात्र पुन्हा वापरू नये. तिच्यावरचा वाळलेला रंग सालपटे होऊन टोकात अडकतो.

"पातळ करायला पाणी कुठलं घालता?" ती विचारते.

"नळाचं."

"मग तुमचे मिसळलेले रंग वास मारत असतील."

"काही मारतात," तो कबूल करतो.

"परिरक्षक कारखान्याने मोजून घातलेलं असतं, तेवढ्या रंगापुरतं. तुम्ही निम्मं पाणी घातलंत की त्याची ताकद निम्मी झाली, आणि पाण्याबरोबर नवे जंतू आले. पावसाळ्यातली कोंदट हवा, बंद खण. बुरशीला आणखी काय हवं? बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा, किंवा कंपनीचंच मीडियम. आणि धुतलेली बाटली आतून पूर्ण कोरडी झाल्याशिवाय भरू नका. नवी बाटली कोरडी येते, जुनीत टोकाच्या खोबणीत पाणी राहतं. आंबट वास आला तर तो रंग वाचवायच्या भरीस पडू नका."

यापुढचा प्रश्न दोघांनीही टाळला असता तर बरे, पण तो टाळता येत नाही. लेबल. व्हायेहोच्या मॉडेल कलरची ७०.९५० क्रमांकाची बाटली म्हणजे काळा. जपणाऱ्याच्या खणात तशाच बाटलीत तपकिरी वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, आहे, कारण मूळ लेबल निघता निघेना आणि त्याने टोपणावर नुसता ठिपका दिला. त्याला ते ठाऊक आहे. त्याच्या क्लबातल्या मुलाला ते ठाऊक नव्हते.

"म्हणूनच मी म्हणते, पुन्हा भरलेली बाटली घराबाहेर जाऊ नये," ती म्हणते. "तुम्ही ती भरलीत, तुम्हाला तिचा इतिहास पाठ. दुसऱ्याच्या हातात ती गेली की तिच्यावर छापलेलं सगळं खोटं ठरतं. आत व्हायेहो आहे की तामिया, अल्कोहोल आहे की पाणी, कधी मिसळलं, काहीच कळत नाही. तुम्ही जो केशरी इतका जपता, तो तुमच्यामागे कोणाला वापरताच येणार नाही, कारण त्याची माहिती फक्त तुमच्या डोक्यात आहे. आम्हाला दुकानात लेबल नसलेली बाटली विकायची परवानगी नसते. रंगाला तो कायदा लागू नाही, पण कारण तेच आहे."

"आणि मी म्हणतो, ती घराबाहेरच जायला हवी," तो म्हणतो, आणि इथे त्याचा आवाज प्रथमच चढतो. "हा छंद महाग आहे. आयात केलेला रंग इथे पोचेपर्यंत कुठल्या किमतीला पडतो हे तुला माहीत आहे. कॉलेजातल्या पोराला वीस रंग एकदम घेता येत नाहीत. माझ्याकडच्या बाटलीतून त्याला पाच मिली राखाडी मिळाला तर त्याचं विमान पूर्ण होतं. मूळ कंपनीची बाटली मी त्याला देणार नाही, ती माझी. ही भरलेली देणार. लेबल नीट लावेन, हे मी आज तुझ्याकडून शिकलो. मूळ कागद पूर्ण काढायचा, न निघाला तर त्यावर पांढरी पट्टी पूर्ण चढवायची. वर कंपनी, कशात पातळ केला, वजनाने कृती, महिना आणि साल. पण बाटली द्यायचीच नाही, हे मला मान्य नाही. वस्तू हातोहात फिरण्यातच या छंदाची माणसं एकमेकांना भेटतात."

"महिना-साल लिहिलेली पट्टी ओल्या हाताने पुसली जाते."

"मग वर पारदर्शक टेप लावेन."

"आणि ज्याला दिली त्याने आत दुसराच रंग भरला तर?"

याला त्याच्याकडे उत्तर नाही, आणि तो ते असल्याचा आव आणत नाही. ती स्वतः नव्या, कोऱ्या बाटल्या पाकिटाने विकत घेते, आणि त्या संपल्या की तिला त्या टाकाव्याच लागतात, हे तिलाही बोचते. त्याच्या मार्गाने जावे तर बाटलीचा इतिहास हळूहळू पुसत जातो. तिच्या मार्गाने जावे तर दर वर्षी पिशवीभर लहान बाटल्या कोणी न घेता कचऱ्यात जातात. दोघांपैकी एकाचाही हिशेब पुरता जुळत नाही. रंगाची बाटली किती हातांतून जावी, यावर त्यांचे आजही पटलेले नाही.

पटले आहे ते डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीबद्दल. घरात कोणी डोळ्यांत थेंब घालत असेल आणि त्याच घरात कोणी सैनिक, विमाने, किल्ल्यांवरची चित्रे रंगवत असेल, तर वाचकाने रंगांचा खण आज एकदा उघडून पाहावा. तशी बाटली रंगाने भरलेली सापडली, तर रंग दुसरीकडे ओतावा, बाटलीचे टोक कात्रीने कापावे आणि मगच ती टाकावी, म्हणजे कोणी ती पुन्हा भरणार नाही.